इंजिनाचे ऑइल सील गळत असेल, तर बाटलीतले औषध घालावे की गिअरबॉक्स उतरवावा?

वाईकर

नमस्कार मंडळी. आमच्या घरी २००४ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि ते गेल्यापासून मी ती चालवतो. गाडी ९६ हजार किलोमीटर चालली आहे आणि इंजिन अजून एका चावीत सुरू होते. गेल्या पावसाळ्यापासून मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या जोडाखाली सकाळी ऑइल पडलेले दिसते. रात्री खाली पुठ्ठा ठेवून पाहिला, तर सकाळपर्यंत आठ ते दहा थेंब पडतात.

आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचे, मागचे सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गेले आहे आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सील स्वस्त आहे, पण मजुरी बरीच आहे. सुट्या भागांच्या दुकानात मात्र मला एक बाटली दाखवण्यात आली. ती ऑइलमध्ये ओतली की सील पुन्हा मऊ होते आणि गळती थांबते, असे दुकानदार म्हणाले. ही गाडी मला अजून बरीच वर्षे ठेवायची आहे, त्यामुळे चुकीचे काही ओतून इंजिन बिघडवण्याची इच्छा नाही. अशा औषधांचा किंवा जाड ऑइलचा खरोखर उपयोग होतो का? ज्यांनी वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

स्पष्टवक्ता

उपयोग होत नाही. फाटलेले रबर ओतलेल्या द्रवाने सांधले जात नाही. मिस्त्री सांगतात तसे सील बदलून घ्या.

गोदाकाठ

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या जुन्या व्हॅनला पुढच्या बाजूला, पुलीच्या मागे ओल येत होती. सील जपण्यासाठी म्हणून विकली जाणारी एक बाटली ऑइल बदलताना घातली. पहिले दोन आठवडे काहीच फरक दिसला नाही आणि पैसे वाया गेले असे वाटले. सुमारे हजार किलोमीटरनंतर मात्र ओल कमी झाली आणि नंतर जवळजवळ थांबली. ती व्हॅन त्यानंतर तीन वर्षे आमच्याकडे होती. त्यामुळे सरसकट "उपयोग होत नाही" हे मला मान्य नाही.

मिस्त्रीपुत्र

वाईकर, औषध घालायचे की नाही हे ठरवण्याआधी गळती नेमकी कुठून आहे हे पाहा. वडिलांच्या गॅरेजमध्ये मी वीस वर्षे काम पाहिले आहे. "मागचे सील गेले" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांचे सील शाबूत निघाले. ऑइल वरून खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असे नाही. टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, पॅकिंग कडक झाले, की ऑइल हेडवरून ब्लॉकच्या कडेने उतरते आणि नेमके त्याच जोडापाशी येऊन ठिबकते. ऑइल प्रेशरच्या स्विचमधून येणारी गळतीही अशीच फसवते.

एक सोपी चाचणी घरी करता येते. इंजिन गार असताना रॉकेल आणि ब्रशने बाहेरून स्वच्छ धुवा, पुसून पूर्ण वाळू द्या आणि संशय असलेल्या सगळ्या जागांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर हलकेच फुंकरा. मग वीस-तीस किलोमीटर चालवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. पांढऱ्या पावडरवर ऑइलची वाट काळ्या रेघेसारखी उमटते. ती रेघ वरच्या दिशेने शोधत गेलात, की तिचे टोक सापडते.

दुसरी गोष्ट, पडलेला थेंब बोटावर घेऊन त्याचा वास घ्या. इंजिन ऑइल वापरानंतर काळे आणि पातळ असते. गिअरबॉक्सचे ९० नंबर ऑइल घट्ट असते आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. वास गिअर ऑइलचा असेल, तर गळणारे सील गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे आहे आणि इंजिनात काहीही ओतले तरी ते तिथपर्यंत पोहोचणारच नाही.

पॉलिमर

मी रबराच्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. स्पष्टवक्ता आणि गोदाकाठ या दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, कारण ते दोन वेगळ्या दोषांबद्दल बोलत आहेत.

क्रँकच्या सीलला एक पातळ ओठ असतो आणि त्याच्यामागे एक बारीक गोल स्प्रिंग बसवलेली असते. तो ओठ फिरत्या शाफ्टवर अलगद टेकलेला असतो आणि त्या दोघांमध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर राहतो. नवे नाइट्राइल रबर नखाने दाबले तर दबते आणि लगेच परत येते. वर्षानुवर्षे उष्णता लागली, की रबराला मऊ ठेवणारे प्लॅस्टिसायझर निघून जाते आणि रबर स्वतःही आतून कडक होत जाते. मग शाफ्ट किंचित जरी हलला, तरी ओठ त्याच्यामागे जात नाही आणि मधल्या फटीतून ऑइल सुटते.

चांगल्या औषधात बहुधा एस्टर वर्गातले द्रव असतात. रबर ते हळूहळू शोषून घेते, थोडेसे फुगते आणि काही अंशी पुन्हा मऊ होते. ही क्रिया तासाभरात होत नाही, ती गरम ऑइलमध्ये बऱ्याच दिवसांत होते. गोदाकाठ यांना हजार किलोमीटर वाट पाहावी लागली, त्याचे कारण हेच.

आता मर्यादा. ओठ फाटला असेल, झिजून त्याची धार गेली असेल, किंवा त्याने शाफ्टवर चर पाडली असेल, तर फुगलेले रबरही ती जागा भरू शकत नाही. शिवाय सगळे रबर एकसारखे नसते. नाइट्राइल आणि पॉलीॲक्रिलिक यांच्यावर या द्रवांचा परिणाम होतो, फ्लुओरो रबरावर तो फारच कमी होतो आणि अलीकडच्या अनेक इंजिनांत मागचे सील टेफ्लॉनच्या ओठाचे असते, त्यावर तर होतच नाही. पॅकिंग कॉर्कचे किंवा कागदाचे असेल, तर हा विषयच संपतो.

इथे ऑइलचाही संबंध येतो. इंजिन ऑइल ज्या मूळ तेलापासून बनते, त्या बेस ऑइलचे गट असतात. जुन्या पद्धतीच्या ग्रुप १ बेस ऑइलमध्ये ॲरोमॅटिक घटक अधिक असतात आणि ते रबराला थोडे फुगलेले ठेवतात. ग्रुप २ आणि ३ चे ऑइल अधिक शुद्ध केलेले असते, तर ग्रुप ४ म्हणजे पूर्ण सिंथेटिक पीएओ (पॉलीअल्फाओलेफिन). शुद्ध पीएओमध्ये रबर उलट किंचित आकसते, म्हणून उत्पादक त्यात मुद्दाम थोडे एस्टर मिसळून तोल सांभाळतात. १९७० च्या दशकात सिंथेटिक ऑइल नवे होते, तेव्हा त्याच्यामुळे सील गळतात अशी त्याची ख्याती झाली होती. आजच्या चांगल्या ऑइलबद्दल ती भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र जुन्या इंजिनातल्या कडक सीलभोवती साचलेला मळ नव्या ऑइलने धुतला गेला, की आधीपासून असलेली गळती उघडी पडते.

सावंतवाडीकर

पॉलिमर, फार उपयुक्त माहिती. वाखूसा (वाचनखूण साठवली).

स्पष्टवक्ता

पॉलिमर यांचे स्पष्टीकरण पटले आणि माझा पहिला प्रतिसाद फार थोडक्यात झाला हे मान्य करतो. पण माझ्या विरोधाला कारण आहे. माझ्या गाडीत एका गॅरेजने मला न विचारता असेच काहीतरी ओतले होते. महिनाभर गळती थांबली आणि नंतर दुप्पट वेगाने सुरू झाली. दुसऱ्या मिस्त्रींनी सील काढून माझ्या हातात दिले, तेव्हा त्याचा ओठ चघळलेल्या च्युइंगगमसारखा लिबलिबीत झाला होता आणि बोटाने ओढताच तुटला. रबर मऊ होणे चांगले असेल, तर हे कसे झाले?

पॉलिमर

मात्रा चुकली किंवा द्रव चुकीचा होता, तर हे होते. रबर काही टक्के फुगले तर ओठ शाफ्टला धरतो. त्याहून बरेच जास्त फुगले तर त्याची ताकद जाते, ते चिकट होते आणि शाफ्टवर घासून झपाट्याने झिजते. काही ठिकाणी इंजिन ऑइलमध्ये थोडे ब्रेक ऑइल ओतण्याचा उपाय सांगितला जातो. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते, ते इंजिन ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, पाणी ओढून घेते आणि रबराचे तुम्ही वर्णन केले तसे करून टाकते. आपल्या गाडीत तेच घातले होते का हे आता सांगता येणार नाही, पण हा उपाय कोणीही करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

सावंतवाडीकर

याला जोडून एक शंका. आमच्याकडे रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकतात आणि घाटात अडकलेली गाडी त्यावर घरापर्यंत येते, हे मी स्वतः पाहिले आहे. तशीच गळती बंद करणारी पूडही बाजारात मिळते. इंजिनाच्या ऑइलमधली औषधे त्याच तत्त्वावर चालतात का?

मिस्त्रीपुत्र

नाही, आणि हा फरक जीव ओतून सांगावा इतका महत्त्वाचा आहे. रेडिएटरची चीर एका जागी स्थिर असते. हळदीचे कण पाण्याबरोबर तिथे जाऊन अडकतात आणि बूच बसते. नंतर रेडिएटरच्या बारीक नळ्याही त्याच हळदीने तुंबतात, म्हणून तो घरी पोहोचण्यापुरताच उपाय आहे. क्रँकचे सील फिरत्या शाफ्टवर असते आणि तिथे बूच टिकत नाही. उलट इंजिनात कण असलेले काहीही गेले, तर ते ऑइल चेंबरमधल्या जाळीवर जमा होते. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग बसतात. एका प्रवासी गाडीचे चेंबर खोलले, तेव्हा जाळीवर ओल्या भुशासारखा थर होता. सुपारी फोडायच्या अडकित्त्याच्या टोकाने तो खरवडावा लागला. चालकाने रेडिएटरची पूड "गळती बंद करते" एवढेच वाचून ऑइलमध्ये टाकली होती.

म्हणून बाटलीवर ती इंजिन ऑइलसाठी आहे असे स्पष्ट लिहिलेले असावे आणि ती हलवल्यावर तळाशी गाळ दिसू नये.

चेतकस्वार

दुचाकीवाल्यांसाठी दोन गोष्टी इथेच नोंदवतो, कारण हा धागा पुढे कोणीतरी शोधून वाचेल.

पहिली गोष्ट मोटरसायकलची. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. ऑइलच्या डब्यावर जासो एमए हे जपानी मानक लिहिलेले असते, ते अशा ओल्या क्लचसाठीच. कारसाठीचे औषध त्यात ओतले आणि त्यात घर्षण कमी करणारे घटक असले, तर सील सुधारेल की नाही ते पुढचे, क्लच मात्र घसरू लागेल.

दुसरी गोष्ट जुन्या टू-स्ट्रोक चेतक स्कूटरची. तिच्यात क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले की गिअर ऑइल बाहेर न पडता क्रँक केसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पोकळीत, ओढले जाते. खाली एक थेंबही दिसत नाही, पण सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. तिथे क्रँक केसमध्ये दर फेऱ्याला दाब आणि ओढ आलटून पालटून येते. अशा जागी कडक झालेले सील बदलण्याला पर्याय नाही.

मेधा_मिशिगन

इथे अमेरिकेत जास्त चाललेल्या गाड्यांसाठी वेगळे ऑइलच मिळते. व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ आणले आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही तशी ऑइल काढली. साधारण ७५ हजार मैल, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटर उलटलेल्या इंजिनांसाठी ती सुचवली जातात आणि त्यात सील मऊ ठेवणारे घटक आधीच मोजून मिसळलेले असतात. मला हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण मात्रेची चूक आपल्या हातून होत नाही.

आमच्या जुन्या गाडीला हिवाळ्यात पहाटे गळती होई आणि इंजिन तापले की ती थांबे. थंडीत आधीच कडक झालेला ओठ आणखी ताठर होतो, हे इथल्या मेकॅनिकने समजावले. अशा ऑइलच्या दोन बदलींनंतर ते थेंब थांबले. टॅपेट कव्हरची गळती मात्र तशीच राहिली आणि शेवटी पॅकिंग बदलल्यावरच गेली.

गोदाकाठ

मेधाताई, धन्यवाद. इथे आमचे मिस्त्री अशा वेळी १०डब्ल्यू-३० ऐवजी २०डब्ल्यू-५० म्हणजे जास्त जाड ऑइल घालतात. जाड ऑइल फटीतून कमी गळते, हे तर बरोबर आहे ना?

मिस्त्रीपुत्र

थोड्या प्रमाणात बरोबर आहे. जुन्या, ढिल्या झालेल्या इंजिनात आणि आपल्या हवामानात एक पायरी जाड ऑइल चालते. पण अनेकांना असे वाटते की मागच्या सीलवर ऑइल पंपाचा पूर्ण दाब असतो. तसे नसते. तिथे पोहोचते ते बेअरिंगमधून निसटलेले ऑइल. त्याला बाहेर ढकलतो तो क्रँक केसमधला वायूचा दाब. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू ब्रीदरच्या (हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, म्हणजे तो वायू पुन्हा इंजिनात ओढून घेणाऱ्या झडपेतून, निघून जायला हवा. ती वाट काजळीने तुंबली, तर इंजिन जिथे कमकुवत असेल तिथून ऑइल बाहेर ढकलते. अशा गाडीला नवे सील बसवले तरी ते काही महिन्यांत गळू लागते आणि दोष बिचाऱ्या सीलला लागतो.

इंजिन धिम्या गतीवर सुरू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढा आणि त्या तोंडावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी धरा. पिशवी हलकेच आत ओढली गेली तर वाट मोकळी आहे. ती फुगून वर उडू लागली, तर आधी ब्रीदर साफ करा. वाईकर, पावडरच्या चाचणीबरोबर हेही करून पाहा.

अँबॅसडरप्रेमी

एक भर घालतो. आमच्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल अँबॅसडरच्या क्रँकला मागच्या बाजूला रबरी ओठाचे सील मुळातच नाही. शाफ्टवर उलट्या आट्यांची चर असते आणि शाफ्ट फिरताना ती ऑइल परत आत ढकलते. अशा इंजिनात सील मऊ करणारी बाटली ओतणाऱ्यांना काय मिळणार? आपल्या इंजिनात मागे नेमके काय बसवलेले आहे, हे आधी माहीत करून घ्यावे.

बारामतीचा शेतकरी

गळती चालवून घेण्याचा धोका सांगतो. आमच्या ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगला खाली एक भोक असते आणि त्यात स्प्लिट पिन सैलसर अडकवलेली असते. ती चालताना हलत राहते, म्हणून भोक चिखलाने बुजत नाही. त्या पिनेवरून थेंब पडू लागले, तेव्हा मी हंगाम संपेपर्यंत थांबायचे ठरवले. ऐन नांगरटीत क्लच घसरू लागला. ऑइल प्लेटवर उडाले होते. सील तर बदलावे लागलेच, शिवाय नवी क्लच प्लेट घ्यावी लागली आणि चार दिवस भाड्याचा ट्रॅक्टर लावावा लागला. मागच्या सीलच्या गळतीत पडणारे थेंब मोजण्याइतकेच क्लचकडे लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

पुढच्या सीलचेही तसेच. ते ऑइल टायमिंग बेल्टवर गेले तर बेल्टचे रबर खराब होते.

वाईकर

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सगळे करून पाहिले आणि जे दिसले ते सांगतो.

थेंबाला उग्र वास नव्हता, म्हणजे तो इंजिन ऑइलचाच होता. पिशवीची चाचणी केली तेव्हा पिशवी वर उडत होती. ब्रीदरची नळी काढली तर आत डांबरासारखा काळा गोळा होता. तो रॉकेलने धुतला आणि नळी नवी घातली. मग इंजिन धुऊन पावडर मारली आणि पाचगणीच्या घाटात जाऊन आलो. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक ठळक काळी रेघ थेट खाली, गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत आली होती. जोडाच्या खालच्या खाचेतही थोडी ओल होती, ती मात्र आतून येत होती. म्हणजे गळत्या दोन होत्या आणि मोठी गळती वरची होती.

टॅपेट कव्हरचे जुने पॅकिंग काढताना त्याचे तुकडे पडले, इतके ते वाळलेले होते. नवे बसवल्यापासून पुठ्ठ्यावर रात्रीत दोन किंवा तीन थेंब पडतात. क्लच अजिबात घसरत नाही. आता या उरलेल्या ओलीसाठी औषध घालावे का?

पॉलिमर

आता घालून पाहायला हरकत नाही, कारण आता ते योग्य जागी काम करेल. ऑइल आणि फिल्टर बदलताना घाला, बाटलीवरच्या मात्रेपेक्षा थेंबभरही जास्त नको आणि ऑइलची एकूण पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे जाऊ देऊ नका. हजार किलोमीटरपर्यंत निकाल ठरवू नका.

स्पष्टवक्ता

सहमत. तपासणी झाल्यावर आणि मात्रा पाळून घालणार असाल, तर माझा विरोध नाही.

वाईकर

चार महिन्यांनी पुन्हा लिहितो आहे. औषध घालून गाडी १,४०० किलोमीटर चालली. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये फरक नव्हता. आता बहुतेक सकाळी पुठ्ठा कोरडा असतो आणि घाटातून आल्यावर रात्रीत एखादा थेंब दिसतो. दर रविवारी डिपस्टिक पाहतो. पातळी हललेली नाही.

मिस्त्रींशी बोललो. क्लच प्लेट अजून वर्षभर जाईल असे ते म्हणतात. ती बदलताना गिअरबॉक्स उतरेलच, तेव्हा त्याच मजुरीत मागचे सीलही बदलायचे ठरले आहे. सील आजच आणून ठेवले. ते बसवताना काय पाहावे?

मिस्त्रीपुत्र

फ्लायव्हील निघाल्यावर जुने सील काढा आणि शाफ्टवर जिथे ओठ टेकत होता तिथे नख फिरवा. नख अडकले तर चर पडली आहे. चर उथळ असेल, तर नवे सील हाउसिंगमध्ये दीड-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवता येते का ते पाहा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल. खोल असेल, तर शाफ्टवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते. ओठाला आधी ऑइल लावा, कोरडे सील पहिल्याच स्टार्टला जळते. स्प्रिंगची बाजू इंजिनाच्या आत हवी. हातोडीने थेट ठोकू देऊ नका, जुने सील वर ठेवून सगळीकडून सारखे दाबत बसवायला सांगा. आणि ते नवे सील तोपर्यंत उन्हात तापणाऱ्या डॅशबोर्डच्या खणात नको, घरातल्या कपाटात ठेवा.

वाईकर

ते खणातच होते. आता कपाटात ठेवले.